पाठलाग समितीचं आभारप्रदर्शन

एल्म्सबरी (केंब्रिजच्या पुढे, नकाशात शोधत बसू नका),
रविवार, दुपारची जेवणं आटोपून

तीर्थरूप नंदूभावजी यांस,

अनुराधाचा वाकून नमस्कार. (वाकताना एका हाताने कंबर धरली होती, त्यावरून नमस्कार खरा आहे हे ओळखा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिने बंद सांगितले असताना तुम्ही गच्चीवर पतंग उडवणाऱ्या पोरांना रागवायला जाता, असं वहिनी फोनवर म्हणाल्या. त्यांची शुगर कशी आहे तेही कळवा. त्यांना विचारलं की 'बरी आहे' म्हणतात आणि विषय लोणच्यावर नेतात. इकडे तुमचे धाकटे बंधू श्रीनिवास ठीक आहेत. काठी टेकत चालतात आणि चालत नसतील तेव्हा तीच काठी माझ्याकडे रोखून बोलतात.

पत्र लिहायला कारण एकच : आम्ही जिंकलो. हे वाक्य वहिनींना मोठ्याने वाचून दाखवा आणि मग पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचा. कारण गणपतीत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्हीच लिहिलं होतं की, चोर पुढे आणि पोलीस मागे ही जगाची रीत आहे, पोलिसांनी मागे जायचं नाही तर काय चोराला टाटा करायचा? खुद्द निवृत्त फौजदाराने असं लिहिल्यावर सगळ्या खानदानाने माझ्या समितीला उलटे अंगठे दाखवले. त्यात माझी सख्खी बहीणही होती. मी विसरलेले नाही.

आता सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तुम्ही त्या ग्रुपवर निम्मंच वाचता. दोन वर्षांमागे चोरीची एक व्हॅन पोलिसांना चुकवत आमच्या हाय स्ट्रीटवरून सुसाट आली. श्रीनिवास लायब्ररीची पुस्तकं परत करायला झेब्रावरून रस्ता ओलांडत होते. व्हॅनने त्यांना उडवलं आणि ती तशीच पळाली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ते वाचले, पण त्या दिवसापासून त्यांनी तो झेब्रा ओलांडला नाही. लायब्ररी समोर दिसते, पण पुस्तकं मी आणते (आणि चुकीची आणते, हे रोज ऐकते). आणि मी, जिने जन्मभर ऑपरेशन थिएटरात लोकांना भूल दिली, तिच्या हातातला चमचा सायरन ऐकला की गळून पडतो. ही भीती दुसऱ्या कुणाच्या घरात जाऊ नये एवढ्यासाठी समिती काढली. मागणी अगदी साधी : किरकोळ गुन्ह्यासाठी बाजारातून आणि शाळेवरून गाड्या पिटाळायच्या नाहीत, आणि माणसं दिसली म्हणून ज्या पोलीस ड्रायव्हरने पाठलाग सोडला त्याला नंतर धारेवर धरायचं नाही.

समितीत आम्ही तिघं आणि तिघंही पदाधिकारी. सामान्य सभासद म्हणून कोणी यायलाच तयार नाही. अध्यक्ष यादवराव. हॉस्पिटलातून निवृत्त झालेले रेडिओग्राफर, आणि आसपासच्या प्रत्येक मराठी मंडळाचे आजी नाहीतर माजी अध्यक्ष. सचिव रचना. ही नागपूरची, तरुण वकील; इथली आंबेडकर जयंती वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपते ती केवळ हिच्या धाकाने. आणि उपाध्यक्ष व प्रमुख वक्ता मी. श्रीनिवासांना आम्ही पद दिलं नाही, कारण ते 'पीडित पक्ष' आहेत. त्यांनी सभेत फक्त चहा प्यायचा असं ठरलं. गावात आम्हाला सगळे 'चेस कमिटी', म्हणजे पाठलाग समिती, म्हणतात. त्यामुळे सुरुवातीला एका बाईंनी फोन करून त्यांच्या नवऱ्याचा पाठलाग करायला काय घ्याल असं विचारलं. यादवरावांनी त्यांचेही आभार मानले.

इथेच तुम्हाला यादवरावांची खोड कळली असेल. या माणसाला आभार मानल्याशिवाय सभेतून उठता येत नाही, आणि स्वागत-प्रास्ताविकाशिवाय सभेत बसता येत नाही. आमच्या स्वयंपाकघरात तिघांची बैठक असली तरी ते उभे राहून 'उपस्थित मान्यवर' म्हणतात. मान्यवर म्हणजे मी, पोळ्या लाटत असते. रचना घड्याळ काढून टेबलावर ठेवते. त्याचा त्यांच्यावर शून्य परिणाम होतो.

तर या गुरुवारी संध्याकाळी टाउन हॉलमध्ये इथल्या पोलिसांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या पॅनेलची सभा होती. लोकांच्या मागण्या ते वर्षातून एकदाच ऐकतात, आणि प्रत्येक संस्थेला मिळतात मोजून तीन मिनिटं. टेबलावर दिवा असतो : हिरवा, पिवळा, लाल. लाल लागला की खाली बसायचं, मग तुमच्या घराला आग लागलेली असो. मी भाषण महिनाभर घोटलं होतं. त्यात देशोदेशीचे नियम होते, आकडेवारी होती, शेवटी एक कविताही होती (माझीच). श्रीनिवासांना म्हणून दाखवलं तेव्हा ते दोनदा झोपले. पण माझ्यापुढे माणसं झोपायचीच, तो तर माझा धंदाच होता. ठरलं असं की यादवरावांनी उठून फक्त समितीचं नाव सांगायचं आणि मला पुढे करायचं. रचनाने त्यांच्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं.

दारातच घोटाळा झाला. यादवरावांच्या पिशवीत शाल आणि नारळ निघाला. सिक्युरिटीवाल्याने नारळ हलवून पाहिला, कानाशी धरला आणि आतलं पाणी वाजल्यावर तो दोन पावलं मागे सरला. मान्यवरांसाठी आणलाय असं यादवराव म्हणाले, तेव्हा तर त्याने साहेबालाच बोलावलं. रचना चिडली. तिचं म्हणणं, सत्कार करायचाच तर पुस्तक द्या, नारळ कशाला? यादवरावांचं म्हणणं, पुस्तक काय कोणीही देतं. हा वाद सिक्युरिटीसमोर मराठीत रंगला आणि शेवटी कंटाळून त्यांनी आम्हाला नारळासकट आत सोडलं.

आमचा नंबर आला. यादवराव उठले, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, "रिस्पेक्टेड डिग्निटरीज ऑन द डायस!" मी तिथेच कपाळाला हात लावला. अध्यक्षबाईंचे आभार झाले. खुर्च्या मांडणाऱ्याचे झाले. सिक्युरिटीवाल्याचे झाले, त्याने नारळ 'अतिशय आदराने हाताळला' म्हणून. दिवा हिरव्याचा पिवळा झाला. मी त्यांचा कोट ओढला. रचनाने डोळे मिटून घेतले. मग हा माणूस थेट अपघाताच्या दिवसावर गेला आणि तिथल्या एकेकाचे आभार मानायला लागला : श्रीनिवासांच्या अंगावर स्वतःचा कोट टाकणारी फुलवाली, उन्हाचा त्रास नको म्हणून छत्री धरणारा केबाबवाला, रस्त्यावरची पुस्तकं गोळा करून लायब्ररीत पोचवणारी शाळकरी पोरगी. सगळ्यांची नावं त्यांनी घरोघर फिरून मिळवली होती, आभारात नाव चुकायला नको म्हणून. तेवढ्यात दिवा लाल झाला. माझं भाषण पर्समध्ये तसंच. भावजी, त्या क्षणी मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? वर्षभराची मेहनत एका आभारप्रदर्शनात बुडाली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, वेळ संपली. त्यावर यादवराव शांतपणे म्हणाले, "मॅडम, फक्त एक नाव राहिलं. ते घेतल्याशिवाय बसणं आमच्यात बरं दिसत नाही." आणि त्यांनी नाव घेतलं : कॉन्स्टेबल गॅरेथ. त्या व्हॅनच्या मागे हाच होता. व्हॅन हाताच्या अंतरावर आलेली, पण रस्त्यात पडलेला माणूस पाहून याने गाडी थांबवली, गुडघ्यांवर बसला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत श्रीनिवासांची मान हलू दिली नाही. "द व्हॅन वेंट अवे," यादवराव म्हणाले. "लेट इट गो. माय फ्रेंड इज हिअर." आणि ते खाली बसले.

अध्यक्षबाईंनी विचारलं, तो ऑफिसर इथे आहे का? मागच्या रांगेतून एक भलामोठा वेल्श गडी उठला. साध्या कपड्यांत आला होता. बाईंनी विचारलं, हल्ली कुठे असतोस? म्हणाला, डेस्कवर, व्हॅन का सोडली याची चौकशी अजून चालू आहे, तोवर गाडी चालवायची नाही. समोर बसलेले पोलिसांचे बडे साहेब कागद चाळायला लागले. आणि रचना उठली. (लाल दिवा चालूच होता, पण ती उठली की दिव्याचं कोण ऐकतं?) तिने एकच वाक्य टाकलं : या माणसाने जे केलं त्याचा नियम करा, आमची दुसरी मागणी नाही.

मग आमचे पीडित पक्ष उठले. काठी टेकत मागच्या रांगेपर्यंत गेले आणि गॅरेथला म्हणाले, "तुझा आवाज ओळखला मी. सारखं 'स्टे विथ मी, मेट' म्हणत होतास. बघ, आय स्टेड." गॅरेथ ढसाढसा रडला. मीही रडले. यादवरावांनी मोका साधून त्याच्या खांद्यावर शाल टाकली आणि नारळ हातात दिला. रचनाने तोंड वाकडं न करता टाळ्या वाजवल्या. एवढंच नव्हे, आपल्या पिशवीतलं पुस्तकही त्याच्या दुसऱ्या हातात कोंबलं.

पॅनेलने तिथेच एकमताने शिफारस केली आणि साहेबांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यापासून हा नियम एल्म्सबरीत लागू! गॅरेथची चौकशीही बंद. घरी जाताना श्रीनिवास झेब्रापाशी थांबले. मी त्यांचा दंड धरला तर खेकसले, "सोड, मी काय कुकुलं बाळ आहे?" आणि ओलांडून गेले. सगळ्या गाड्या थांबल्या होत्या. पलीकडे पोचल्यावर त्यांनी मागे वळून मलाच हाताने 'ये' म्हटलं.

एकूण काय, मी काढलेल्या समितीने, माझ्या नेतृत्वाखाली, हा विजय मिळवला. ग्रुपवर टाकते आहे. यावेळी अंगठा तुमचा पहिला दिसला पाहिजे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
अनुराधा

ता. क. स्थानिक पेपरात फोटो आलाय. यादवराव, गॅरेथ, नारळ सगळे ठळक आहेत. डावीकडे जे कोपर दिसतं ते माझं.

ता. क. २. नियम तूर्त सहा महिन्यांच्या प्रयोगापुरता आहे. वर लिहिताना हे राहून गेलं.

ता. क. ३. खरं पत्र इथून सुरू होतं, भावजी. गॅरेथ परत गाडीवर गेलाय, पण त्याचे सोबती त्याला घाबरट म्हणतात. काल चहाला आला होता, मान खाली घालून बसला. तो गेल्यावर श्रीनिवासांनी त्याची कपबशी स्वतः उचलून ठेवली. मग म्हणाले, "आमचा नंदूदादा अण्णांसमोर अस्साच उभा होता." आणि तुम्ही फक्त त्यांना, तेही ते इंग्लंडला निघाले तेव्हा एसटी स्टँडवर, जे सांगितलं होतं ते सगळं त्यांनी मला सांगितलं. दारूचा ट्रक पुढे होता, रस्त्यावर आठवड्याचा बाजार भरलेला होता, आणि तुम्ही जीप थांबवलीत. बढती गेली. अण्णा जेवणाच्या पानावर पोटच्या पोराबद्दल म्हणाले, फौजदार भित्रा निघाला. तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत, आजतागायत नाही. त्यांच्यावर रागावू नका. मीही ते ग्रुपवर टाकणार नाही. पण त्या पोराला दोन ओळी लिहा. त्या बाजारातली माणसं त्या दिवशी संध्याकाळी आपापल्या घरी गेली, एवढंच लिहा. मराठीतच लिहा, भाषांतर मी करीन. शिव्या तेवढ्या गाळीन.