इरशादच्या अकरा वर्षांचा आणि पेणच्या एका दुपारचा हालहवाल

रोहा, सोमवार

आदरणीय कमरुद्दीन भाईजान यांस,

धाकट्या निजामचा रोह्याहून सलाम. इथे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुम्ही, भाभी आणि तुमचा उजवा गुडघा तिकडे कुवेतमध्ये खुशाल असावेत अशी दुआ करतो. (डावा गुडघा ठीक असल्याचं भाभी फोनवर म्हणाल्या, म्हणून त्याची वेगळी चौकशी करत नाही.) साखर किती आहे ते कळवा आणि खरी कळवा. मागच्या वेळी तुम्ही सांगितलेला आकडा आणि भाभींनी सांगितलेला आकडा यांचा आपसांत काही संबंध नव्हता.

तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना हा पत्र का लिहितो. तर काल मी तुम्हाला बोलून निरोप पाठवायला बसलो, तो सतरा मिनिटांचा झाला, आणि तुम्ही त्यावर नुसता अंगठा पाठवलात. अंगठ्यावरून माणसाने ऐकलं की नाही ते समजत नाही. म्हणून मोहल्ल्यातल्या परकारांचा जावई गुरुवारी तिकडे निघतोय, त्याच्याबरोबर पेणचे पापड आणि हे पत्र देतोय. आधी पत्र वाचा.

काल रविवारी पेणला जे झालं ते सांगायला माझे हात शिवशिवतायत, पण मागचं माहीत नसेल तर त्याची गंमत कळणार नाही. अकरा वर्षं तुम्ही विचारताय की इरशाद नक्की कुठे असतो, आणि मी ‘युरोपात’ एवढंच सांगत आलो, कारण त्यापलीकडे मलाच सांगता येत नव्हतं. आता सांगतो. पोरगा पेणच्या कॉलेजात शिकत असताना पनवेलच्या एका मैदानावर एका सर्बियन कोचने त्याला गोलात उभा पाहिला आणि महिनाभर माझ्या गावी येऊन दाखव म्हणाला. तो महिना अजून संपलेला नाही.

पहिला क्लब सर्बियात. मैदानाच्या बाजूला आलुबुखाऱ्याची बाग होती आणि चेंडू बागेत गेला की मालकाचा कुत्रा सुटायचा. चेंडू आणायला नवा माणूस जाणार असा तिथला नियम होता, आणि आपला पोरगा दोन वर्षं नवाच राहिला. तिथे त्याने आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला. सगळं मैदान पांढरं, रेषा गायब. याने चेंडू छान छातीशी पकडला, लोकांकडे पाहून हसला, आणि पंचाने गोल दिला, कारण पकडताना हा मागे सरकत सरकत गोलाच्या आत गेला होता. ही हकिकत त्याने फोनवर सांगितली तेव्हा मी त्याला विचारलं, “मग तू पंचाला सांगितलं नाय का, की रेषा दिसत नाय?” तो म्हणाला, “अब्बा, तेवढी भाषा येईपर्यंत मॅच संपली असती.”

ती दोन वर्षं झाल्यावर सहा महिन्यांनी क्लब शेजारच्या क्लबात विलीन झाला. दोन संघांचा एक झाला, पण गोलकीपर दोनच उरले, आणि दुसरा अध्यक्षाचा भाचा होता. मग इरशाद मॉन्टेनेग्रोत. (हे नाव मी तीनदा लिहून पाहिलंय, चुकलं असेल तर समजून घ्या.) प्रत्येक वेळी तो देश बदलायचा आणि मी रोह्याहून गाडी पकडून, नागोठणे आणि कासू मागे टाकत, पेणला माधवरावांकडे जायचो. माधवराव म्हणजे तिथल्या हायस्कूलचे निवृत्त भूगोलाचे सर. इरशादला त्यांनीच शिकवलं. त्यांच्याकडे एक मोठा नकाशांचा ग्रंथ आहे. ते चष्मा पुसायचे, पान उघडायचे, बोट फिरवायचे आणि म्हणायचे, “निजामभाई, काळजी नको, मुलगा त्याच देशात आहे.” पाच वर्षं मी हे ऐकून समाधानाने परत यायचो. नंतर कळलं की तो ग्रंथ त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतला आहे, आणि त्यात हे सगळे देश मिळून एकच देश आहे. मी बाजारात ज्यांना ज्यांना सांगितलं होतं की पोरगा एका जागी टिकून आहे, त्या सगळ्यांना परत जाऊन काही सांगितलं नाही.

मॉन्टेनेग्रोत चौदा सामने तो बाकावर बसला. बाकाच्या मागे डोंगर आणि डोंगरावर बकऱ्या, असा फोटो पाठवला होता. त्यानंतर बोस्निया, आणि तिथे मात्र पोराच्या आईला, अजराला, पहिल्यांदा स्वस्थ झोप लागली. इरशादची घरमालकीण सत्तरीची विधवा, नमाजी बाई. ईदला तिने याला घरचा मुलगा असल्यासारखं मशिदीत पाठवलं आणि परत आल्यावर बसवून खाऊ घातलं. एकदा फोनवर तिचं आणि अजराचं चित्रासकट बोलणं झालं, पुरा एक तास. अजरा आपल्या बोलीत, ती तिच्या. त्या तासाभरात दोघींना समान असे चार शब्द सापडले: चहाला चाय, साखरेला शेचर, बदामाला बादेम आणि साबणाला सापुन. या चार शब्दांत त्यांनी सगळ्या जगाची चौकशी केली. फोन ठेवल्यावर अजरा मला म्हणाली, “बिचारीची सून नीट वागत नाय.” हे तिला कोणत्या शब्दावरून समजलं ते मी विचारलं नाही.

मग मॅसेडोनिया (आठ महिने, दोन अध्यक्ष, तीन कोच) आणि शेवटी हंगेरी. हंगेरीत त्याची पाच वर्षं झाली, क्लब तीन. भाईजान, तुमचा विश्वास बसणार नाही, पण ते लोक आपल्या मतदार यादीसारखं आडनाव आधी लिहितात. संघाच्या कागदावर ‘मुकादम इरशाद’. मी तो फोटो दुकानात लावलाय. तिथे नदीच्या माशांचं लालभडक कालवण करतात आणि ते तो पावासोबत चोपतो, त्यामुळे आपलं पोर उपाशी आहे असं अजराला वाटत नाही. मला मात्र एकच गोष्ट आतून टोचायची. अकरा वर्षांत मी त्याची एकही मॅच पाहिली नव्हती. या लीग कुठल्या टीव्हीवर दिसत नाहीत. कोणी फोनवर काढून पाठवलं तर ते समोरच्या गोलाचं असायचं, कारण सगळी मजा तिकडे, आणि आपला पोरगा कॅमेऱ्याच्या पाठीमागे. मी बाजारात ‘इंटरनॅशनल’ म्हणत हिंडायचो आणि घरी येऊन विचार करायचो, की हे काम आहे की नाद आहे. तेहेतीस वर्षांचा झाला. मुली सांगून येतात, मुलीचा बाप विचारतो मुलगा काय करतो, मी सांगतो, चेंडू अडवतो. तो चहा संपवून उठतो.

आता कालचं. हंगेरीत बर्फामुळे सुट्टी असते म्हणून इरशाद डिसेंबरपासून घरी आहे. पेणच्या स्पर्धेत रोह्याचा संघ फायनलला पोचला आणि आपल्या गोलकीपरला ऐन वेळी डोलवीच्या कंपनीतून शिफ्टची सुट्टी मिळाली नाही. संघाचा कप्तान गोविंदा शनिवारी सकाळी दारात उभा. इरशाद चहा पीत होता, तो कप खाली ठेवून नुसतं “व्हय” म्हणाला. मी, अजरा आणि अर्धा मोहल्ला दुपारच्या आधीच पेणला पोचलो. माधवरावांनी आम्हाला मंडपात खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. लाऊडस्पीकरवाला इरशादचं नाव घेताना दर वेळी ‘युरोप गाजवून आलेले’ म्हणत होता. चौदा सामने बाकावर बसल्याचं मला आठवत होतं, म्हणून मी दर वेळी जमिनीकडे बघत होतो.

सुरुवातीच्या दहा मिनिटांतच घोटाळा झाला. हंगेरीच्या भाषेत ‘की’ म्हणजे बाहेर. चेंडू गोलासमोर आला की तिथला गोलकीपर ‘की, की’ ओरडतो आणि त्याची माणसं पुढे धावत सुटतात. पाच वर्षांची सवय, इरशाद जोरात ओरडला, “की, की.” गोविंदा पायात चेंडू घेऊन जागच्या जागी थांबला, मागे वळला आणि म्हणाला, “की काय?” तो पुढचं वाक्य ऐकायला उभा होता. तेवढ्यात पेणच्या हितेशने त्याच्या पायातला चेंडू काढून गोलात मारला. हितेश हा त्यांचा सगळ्यात तरबेज गडी, त्याला पूर्ण वाक्याची गरज नव्हती.

सगळं मैदान हसलं. लाऊडस्पीकरवाल्याने ‘युरोप’ शब्द तिथून पुढे घेतला नाही. माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, “ह्याच्यापेक्षा आपला शिफ्टवाला बरा होता.” मी वळून पाहिलं नाही, पण माझे कान तापले. इरशादकडे बघवत नव्हतं. पण तो काही खाली मान घालून उभा नव्हता, भाईजान. गोविंदाच्या खांद्यावर हात टाकून काही समजावत होता आणि दोघे हसत होते. हाफ टाइमनंतर पाहतो तर हा ‘भायर, भायर’ ओरडतोय आणि आपली पोरं दोरी ओढल्यासारखी पुढे जातायत. कोणाला डावीकडे कर, कोणाला मागे खेच, एकेकाचं नाव घेऊन. चेंडू त्याच्यापर्यंत यायच्या आधीच अडत होता. माधवराव माझ्या कानात म्हणाले, “निजामभाई, हा तर वर्ग सांभाळतोय.” शेवटच्या पाच मिनिटांत गोविंदाने डोक्याने गोल केला आणि बरोबरी झाली.

मग पेनल्ट्या. प्रत्येकी पाच. रोह्याचे चार झाले, पेणचे तीन, आणि पेणचा शेवटचा मारायला हितेश आला. इरशाद आधी एका खांबाजवळ गेला, तिथे हात लावला, मग मधे आला. हितेशने बुटाचं टोक दोनदा मातीवर आपटलं. इरशाद त्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हता, त्याच्या डाव्या पायाकडे बघत होता, जो पाय मारायचा नाही त्याच्याकडे. हितेश धावला. इरशाद अगदी शेवटपर्यंत हलला नाही, आणि मग डाव्या बाजूला असा आडवा पडला की त्याची सावलीसुद्धा मागे राहिली. चेंडू बोटांना लागला, खांबाला लागला आणि बाहेर गेला. हितेशनेच येऊन त्याला हात देऊन उठवलं. गोविंदा त्याच्या पाठीवर. लाऊडस्पीकरवाल्याला युरोप परत आठवला.

परतीच्या गाडीत इरशाद माझ्या शेजारी बसला होता, गुडघ्यावर पेणची लाल माती. कासू गेल्यावर म्हणाला, “अब्बा, क्लबने नोव्हेंबरातच सोडलंय मला.” मी विचारलं, “मग आता?” तो म्हणाला, “त्याच गावात लहान पोरांना गोलकीपिंग शिकवायला बोलावतायत. रविवारी त्यांच्या खालच्या लीगमध्ये खेळायचं.” “खालची म्हणजे किती खाली?” “त्याच्या खाली लोक आपापल्या अंगणात खेळतात.” मी विचारलं, “तुला करायचं हाय का?” तो म्हणाला, “व्हय. मला ते येतं, अब्बा.” नागोठणे आलं होतं. काल सकाळी त्याने हे सांगितलं असतं तर मी काय बोललो असतो ते मला माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत आहे. मी म्हणालो, “मग तिकीट काढ.” तो फेब्रुवारीच्या दहा तारखेला निघतोय.

भाभींना सलाम, तुमच्या नातवंडांना दुआ. पापड उन्हात ठेवू नका.

तुमचा धाकटा,
निजामुद्दीन

ता. क. भाईजान, दिवाळीच्या सुमाराला मी तुम्हाला फोन करून इरशादसाठी तिकडे काही बघा म्हणून गळ घातली होती. तुम्ही बिचारे दुखऱ्या गुडघ्याने साहेबांकडे दोन मजले चढून जाऊन गोदामावरची स्टोअरकीपरची जागा त्याच्यासाठी धरून ठेवलीत. ती सोडून द्या. साहेबांना माझं नाव सांगा, म्हणावं भाऊ वेडा आहे. ही गोष्ट मी इरशादला किंवा अजराला कधी सांगितलेली नाही, तुम्हीही बोलू नका. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. २. भाईजान, अजराचा सलाम. पाकिटात भाभींसाठी मसाल्याची चिठ्ठी घालायला पत्र उघडलं आणि सगळं वाचलं. गोदामाचं मला आज कळलं, ते मी आणि हे आपसांत बघू. पण एक दुरुस्त करते. पेनल्ट्या सुरू झाल्या तेव्हा हे खुर्चीवर नव्हते. मंडपामागे पाण्याच्या टाकीपाशी, मैदानाकडे पाठ करून, दोन्ही हातांनी नळ धरून उभे होते. माधवराव शोधायला गेले तर त्यांना म्हणाले, नळाचा वॉशर गेलाय. खांबाचं, हितेशच्या बुटाचं, डाव्या पायाचं, सगळं मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, तीनदा. सावलीचं त्यांनी स्वतःच्या मनाचं घातलंय.

ता. क. ३. अजराचं खरं आहे. पण चेंडू बोटांना लागल्याचा आवाज मी ऐकला. लोक ओरडायच्या आधी ऐकला.