गाव कडुलिंबापाशी संपतं

१४ जून १९७९
मोजणीवाला आला होता. शहराचे बांधकामाचे नियम आता आमच्या गावाकडं सरकणार, तर गाव कुठं संपतं ते नकाशात मांडायचं. पारावर सरपंच होता, तोंड उघडतच होता. त्याला थांबवून बोललो मीच. शहरात महालातल्या प्रेसमध्ये छपाईचे खिळे जुळवतो, चार अक्षरं कळतात, ही मस्ती. पाहुण्याला सरळ कडुलिंबाखाली नेलं. "गाव इथं संपते साहेब. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत इथंच आणून टाकतो आम्ही. रोगराई, घाण, सगळं गावाबाहेर."
खरं तर लिंबाखाली टाकायचे ते माझ्या लहानपणी. पलीकडं आमची पाच घरं झाली तेव्हापासून मारबत पार नाल्यावर जाते. ते नाही सांगितलं. नियम गावाला ना? मग आपण गावाबाहेर. बसा बोंबलत. त्यानं लाल खुंटी ठोकली, मी सही केली. वर चहा पाजला.

२ जुलै
आई पडली. पहाटे टमरेल घेऊन शेताच्या धुऱ्याकडं गेली होती, चिखलात पाय सटकला. खुबा. डॉक्टर म्हणाला, उकिडवं बसणं आता जन्मात नाही, घरीच सोय करा. मागच्या अंगणात संडास बांधायचा, वर बसायला सिमेंटचा चौथरा. शेजारचा तुकाराम विटा देतो म्हणाला.

११ जुलै
खड्डा कंबरेएवढा झाला आणि शिपाई कागद घेऊन हजर. 'विनापरवाना विकास.' म्हातारीच्या संडासाला विकास म्हणतात! डोकं फिरलं. अर्धी रजा टाकून कचेरीत गेलो.
कारकून पान चघळत. "गावठाणात असते त कोणी पुसलं नसतं भाऊ. हा नियम गावठाणाबाहेरच्याइले. तुमचं घर बाहेर, हिरव्या पट्ट्यात. एक वीट लावता येत नाही."
"बाहेर कोण म्हणते?"
त्यानं नकाशा माझ्याकडं फिरवला. लाल रेघ लिंबापाशी. खाली 'गावकऱ्यांनी दाखविल्याप्रमाणे'. आणि सही. माझी, वळणदार.
म्हणजे मी ज्याच्यातून निसटायला गेलो, त्याच्यातच पाच घरं नेऊन कोंबली. सायकल कशी चालवत आलो आठवत नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्या पान चघळणाऱ्या कारकुनाच्याही.

१५ जुलै
तुकारामला कळलं. त्याच्या लेकाची खोली अर्धी उभी आहे, तीही अडली. दारात येऊन, सगळ्यांच्या देखत: "तुले कोणी पुढं केलं होतं गा? आमाले काहून गावाबाहेर काढलं?"
म्हटलं, नियमच उफराटे आहेत.
"नियम त्याइचे. लिंब त तूच दाखवला ना?"
मी त्याच्यावरच ओरडलो. बायको मध्ये पडली. विटांचं आता काही खरं नाही.

२८ जुलै
हरकतीचा अर्ज दिला. खरं ते लिहिलं, लिंब जुनी जागा, हल्ली मारबत नाल्यावर नेतात. कारकून म्हणतो, पुरावा? मारबतीची पावती फाडतात काय, हलकटा! मग म्हणे सरपंचाचं पत्र आणा. सरपंच म्हणतो, पोळ्यानंतर पाहू. मजा घेऊन राहिला लेकाचा.
आईला मी आणि बायको दोन्हीकडून धरून बसवतो. ती तोंड भिंतीकडं करते. शेतात राबलेली बाई, कधी कोणापुढं लाचार झाली नाही. आज तिला म्हटलं, होईल सोय.

२३ ऑगस्ट
मारबत. पोरं पोळ्याला दारोदारी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या, मेढे, उचलून, "घेऊन जा गे मारबत" ओरडत आली. दरवर्षीसारखी पुढं नाल्याकडं जातील म्हणून आम्ही अंगणात उभे. सरपंचानं लिंबापाशी हात वर केला.
"थांबा गा. सरकारी नकाशात गाव इथंच संपते. टाका इथंच."
हसले सगळे. फांद्या, फुटकी मडकी, झिजल्या केरसुण्या, पाच घरांच्या तोंडावर ढीग. तुकाराम काठी घेऊन धावला. मी त्याला धरलं. काहून धरलं कोण जाणे, माझेच हात शिवशिवत होते.
बाजेवरून आई. "काहून थांबले रे? नाल्यावर नाही नेत?"
सांगितलं तिला सगळं. जूनपासूनचं. सहीसकट.
"जागा तूच दाखवली. आता तूच ने."
टोपलं घेतलं. गावासमोर नाल्यापर्यंत पहिली खेप एकट्यानं. मान वर करता येईना. दुसऱ्या खेपेला टोपल्याचा दुसरा कान तुकारामनं धरला. अजून बोलत नाही.

२४ ऑगस्ट
सुनावणी सोमवारी. मोजणीवाल्याला पुन्हा आणा म्हणणार, नाल्यावर नेणार, ढीग दाखवणार. तो मीच वाहिला हेही सांगणार. नाही म्हणाले तर तिथंच बसेन.
सकाळी बघतो तर खड्ड्याशी विटा रचलेल्या. तुकारामच. आज कामावर गेलो नाही, दोन थर लावले. पाडायचं तर पाडा.
नाला दुपारपासून चढतो आहे. दोनदा जाऊन पाहून आलो, मेढे अजून काठावर आहेत, सोमवारपर्यंत टिकायला हवेत. थापीचा आवाज ऐकून आई आतून विचारते, "किती राहिलं रे?"