साकवपाड्याची हद्द

साकवपाडा, ता. तलासरी
रविवार, २ डिसेंबर २०१८

दादास,

शाळेत शिकवला तसा साष्टांग नमस्कार. राग उतरला नसेल तर अर्धाच घे, उरलेला संगितावहिनीला दे. चिमीला गोड पापा.

पत्र बघून म्हणशील, मोबाइल असताना ही बया कागद कशाला खरडतेय? मग काय करू? माझा नंबर दिसला की तू कापतोस. वहिनीच्या फोनवर केला तर ती बिचारी म्हणते, "ते वाडीत गेलेत," आणि मागे तुझा खोकला ऐकू येतो. तुला खोटं बोलायला लावता येतं, खोकला दाबता येत नाही, असा तू! पत्र तू फाडशील, पण वाचल्याशिवाय नाही फाडणार. दोन वर्षं भेट नसली तरी स्वभाव मला ठाऊक आहे.

आधी चांगलं सांगते. भात झोडून झालं, यंदा दाणा चांगला भरला. आई ठणठणीत. एक दात पडला, तो कौलांवर टाकायला मलाच शिडीवर चढवलं आणि खालून ओरडत होती, "नीट टाक गं, परत यायला पाहिजे!" सत्तरीला दात परत येणार म्हणे. काळ्या शेळीला दोन करडं झाली, दोन्ही पाटी. बोर्डीला तुमच्या वाडीवर चिकूचा हंगाम जोरात असेल. रामनाथशेठ तुला रविवारची सुट्टी देतात की नाही?

आणि मी अजून पंचायतीत मेंबर आहे. लोक 'मेंबरीण' म्हणून हाक मारतात, अर्धे चेष्टेने, पण खरं सांगू, मला आवडतं. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा जी माणसं "आता हिचं काय" म्हणून बघायची, ती दाखल्यासाठी सकाळी दारात बसतात. मी त्यांना मुद्दाम थोडं बसवते. मग चहा देते.

आता गंमत ऐक. गेल्या महिन्यात आम्हा बायका मेंबरांना तलासरीला तीन दिवस बोलावलं होतं. काम काय, तर शब्दांचे अर्थ लिहायचे. जमीन कुठे कशाला वापरायची, घर कुठे बांधायचं, त्याचे नियम असतात ना, त्यांच्या पहिल्या पानांवर सगळ्या व्याख्या असतात. इमारत म्हणजे काय, जोतं म्हणजे काय, मोकळी जागा म्हणजे काय. पण भाषा अशी, की वाचता वाचता ठसका लागावा. ते सगळं पाड्यावरच्या माणसाला कळेल अशा मराठीत लिहून एक लहान पुस्तक काढायचं होतं. शिकवायला एक मॅडम होत्या, मुंबईच्या, पण ऐकून घेणाऱ्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी वाचलं, "इमारत म्हणजे कोणत्याही साहित्याने, कोणत्याही कारणासाठी उभारलेलं बांधकाम." पलीकडच्या गावची शुक्री उठली. "म्हणजे माझं कोंबड्यांचं खुराडं पण इमारत काय?"

मॅडमनी कागद दोनदा बघितला. "तसं म्हटलं तर... हो."

"बरं झालं बाय! आज घरी जाऊन सांगते कोंबड्यांना. आता पाहुणा आला तरी मानेला हात लावू देणार नाहीत."

सगळा हॉल हसून लोटपोट. मॅडमसुद्धा. मग हिरू 'मोकळ्या जागे'वरून भांडली. हिरू तुला आठवते ना, साकवाजवळच्या घरातली, आता तीही माझ्याबरोबर मेंबर आहे. तिचं म्हणणं, खळं मोकळं असतंच कधी? भात झोडा, लग्नाचा मांडव घाला, उन्हाळ्यात तिथेच झोपा, पोरं तर बाराही महिने. मॅडम म्हणाल्या, "मोकळी म्हणजे रिकामी नव्हे, छप्पर नसलेली." हिरू म्हणाली, "मग तसं लिहा ना सरळ!" लिहिलं बाबा. माझ्या तर डोक्यात प्रकाश पडला, की हे नियम म्हणजे काही आभाळातून पडलेले नाहीत. कुणीतरी असंच बसून, वाद घालून लिहिलेले असतात. दोन दिवस मी इतकं तोंड चालवलं की घसा बसला. आयुष्यात इतकी खूश मी क्वचितच झाले असेन.

तिसऱ्या दिवशी 'तात्पुरतं बांधकाम' आलं. मॅडम म्हणाल्या, उदाहरण सांगा. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, "शेतावरचा मांडव. भात राखायला तीन-चार महिने उभा करतात तो."

"छान," मॅडम म्हणाल्या आणि फळ्यावर लिहिलं. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

थांब. आई हाक मारतेय, शेळी सुटली वाटतं.

शेळी सुटली नव्हती, आईला नुसतं बोलायचं होतं. मीही तेवढ्यात अंगण झाडून घेतलं, जे सकाळीच झाडलं होतं. आता लिहिते. तुला पुष्कळसं माहीत आहे, पण मला क्रमाने लिहू दे, नाहीतर मी परत फाटे फोडीन.

बाबा गेले त्या वर्षी तू आईसमोर म्हणालास, "हे घर मुलाचं, परत आलेल्या मुलीचं नाही." मी उलट काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग तूच घर सोडलंस आणि वाघदेवाच्या दगडापलीकडे, आपल्या वरच्या माळावर कारवीच्या कुडाचं घर उभं केलंस. सुक्या भगत सगळ्यांना सांगत फिरला, की देवाच्या पलीकडे कुणी राहत नाही, शीव देवापाशी संपते. घर सारवायला तू पाडा बोलावलास तर चारच माणसं आली. मी त्यात नव्हते. आईने दोनदा सांगितलं, जा. मी गेले नाही.

मग २०१६ साली पाड्याची हद्द आखायला मोजणीवाले साहेब आले. हद्दीच्या आत घर असेल तरच घरकुल, तरच विजेचा मीटर, हे तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं. साहेबांनी विचारलं, "तुमचा पाडा कुठपर्यंत?" सुक्या भगत पुढे झाला आणि थेट वाघदेवाच्या दगडापाशी नेऊन उभं केलं. त्यात त्याची लबाडी नव्हती. आपल्यात शीव विचारली की कुणीही माणूस देवच दाखवणार. साहेबाला घरं बघायची आहेत, हे त्याच्या डोक्यातच नाही आलं. तू आजवर त्यालाच शिव्या देतोस. वाघबारशीला त्याने बोर्डीला पाठवलेला प्रसादही परत केलास म्हणे.

दादा, चूक तिथे संपली नाही.

टेपचं टोक माझ्या हातात होतं. बाकीचे मागे सावलीत होते. वहिनी चिमीला काखेत घेऊन पाण्याचा तांब्या ठेवून गेली होती. साहेब पाणी प्यायले आणि दगडापलीकडे बोट दाखवून हळूच मला म्हणाले, "ते काय? घर आहे का? असेल तर तिथवर धरू, देवाचं मी बघतो."

त्यांनी तुझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. मला एक शब्द बोलायचा होता. मी म्हणाले, "नाही साहेब, तो मांडव आहे. भात राखायचा."

छपरातून धूर निघत होता. मला दिसत होता. त्यांनी परत बघितलं, पण मी मेंबर, मी खोटं कशाला बोलेन? दगडापाशी खूण केली आणि गेले.

तुझं घरकुल त्यामुळे गेलं. मीटर त्यामुळे आला नाही. पावसाळाभर वहिनीने चिमणीच्या उजेडात लेकरू सांभाळलं आणि मग तुम्ही कुलूप लावून बोर्डीला गेलात. तुला वाटतं मी मेंबर असून तुझ्यासाठी भांडले नाही, म्हणून तू फोन कापतोस. मला वाटायचं, बरं आहे, कापू दे, एवढ्यावरच भागतंय. दोन वर्षं मी तुझ्या ह्या स्वस्तातल्या रागाआड लपून राहिले. लाज वाटते रे. फार लाज वाटते.

त्या दिवशी तलासरीला पुढचा शब्द 'घर' होता. लिहिलं ते असं: "घर म्हणजे जिथे माणसं राहतात आणि जिची स्वतःची चूल आहे अशी जागा. भिंत कुडाची असो की विटांची." आणि 'पाडा' माझ्या हट्टाने घातला: "पाडा म्हणजे अशा घरांची वस्ती, अगदी शेवटच्या घरापर्यंत." हिरूने विचारलं, "आणि देव?" मी म्हणाले, देव आहे तिथेच राहील, त्याला कुठे घरकुल पाहिजे! मॅडम हसल्या, पण लिहिलं त्यांनी.

पुस्तकात छापून तुझं घर हद्दीत येत नाही, तेवढं मला कळतं. म्हणून परवा शुक्रवारी ग्रामसभेत मी उभी राहिले. फेरमोजणीचा अर्ज वाचला आणि खाली कारण लिहिलं होतं तेही वाचलं: मागच्या मोजणीत मेंबर निर्मला हिने राहत्या घराला मांडव सांगितलं. एवढंच वाक्य. सही माझीच. आईने पदर तोंडाला लावला. माझी मेंबरकी राहते की जाते, अजून कुणी बोललेलं नाही. गेली तर वाईट वाटेल, खोटं कशाला सांगू.

मग सुक्या भगत उठला. मला वाटलं, आता देवाचा कोप काढतो. म्हातारा एवढंच म्हणाला, "मी दगड दाखवला, पोरीने मांडव दाखवला. आता घर दाखवा." आणि अर्जावर पहिला अंगठा त्याने उठवला. घरी येऊन मी खूप रडले आणि मग दोन ताटं भात जेवले. दोन वर्षांत अशी भूक लागली नव्हती.

काल तलासरीला जाऊन अर्ज दिला आणि मोजणीची तारीख घेऊनच आले: मंगळवारी, ११ तारखेला सकाळी. घर राहतं आहे हे दिसलं पाहिजे. बंद घर धरत नाहीत. कूड एका बाजूने खचलाय, पण पाड्यातल्या बायका आदल्या दिवशी, सोमवारी, सारवायला येणार आहेत, ह्या वेळी चार नाही, सगळ्या. न बोलावता स्वतःहून म्हणाल्या. शेण-माती मी काढून ठेवलीय.

आई म्हणाली, "तो नाही आला तर तू जाऊन पेटव चूल, साहेबाला काय कळतंय!" पेटवता येईल. किल्ली वहिनीने आईकडेच ठेवलीय. पण दादा, तुझ्या घराबद्दल मी एकदा खोटं बोलले आहे. आता तुझ्या भल्यासाठीसुद्धा दुसऱ्यांदा नाही बोलणार. साहेबांनी विचारलं आणि तुम्ही नसलात, तर मी सांगेन की इथे कुणी राहत नाही. माझी जीभ झडली तरी तेच सांगेन.

तेव्हा सोमवारी या. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या हातचं पाणी घेऊ नकोस, वाटलं तर चार लोकांत दोन थोबाडीत मार, मी गाल पुढे करीन. पण वहिनीला आणि चिमीला घेऊन ये, आणि चूल तुमच्या हाताने पेटवा.

धूर दिसला की मी साहेबांना घेऊन येईन.

तुझी, अजून तुझीच असेल तर,
निर्मला