सगुणकडे ठेवलेला पासवर्ड

पेडणे,
१४ एप्रिल २००२

प्रिय शालू,

ऑफिसच्या पत्त्यावर माझ्या हातचं पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळी बरी आहेत. तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला हे लिहितोय. ई-मेलनं दिलं असतं, पण त्या कॉम्प्युटरनं माझं डोकं फिरवलंय.

तूच म्हणालीस, सासरचा फोन हॉलमध्ये, सगळ्यांचे कान तिथं, तेव्हा बाबा, तुम्ही ई-मेल शिका. म्हटलं, ट्रकचा क्लीनर होतो तो इंजिन खोलायला शिकलो, स्पेअर पार्टचं दुकान घातलं, मग हे का नाही? कोमल मिसच्या क्लासात पोरांच्या खुर्च्यांमध्ये कदेल ओढून बसलो. मिस म्हणते, काका, माऊस धरायचा, आवळायचा नाही. अगो, ज्या हातानं जन्मभर नटबोल्ट आवळले, तो हात फूल धरल्यासारखा कसा धरणार? विंडो म्हणजे जनेल, हे कळलं. पण एका जनेलात दुसरं, दुसऱ्यात तिसरं, आणि मी उघडलेलं पहिलं कुठं गेलं ते कोणी सांगेना. रॅम म्हणजे स्मरणशक्ती, पण वीज गेली की सगळं विसरते. म्हटलं, मिस, पेडण्यात वीज किती जाते ठाऊक आहे ना? असली विसराळू वस्तू इथं आणली कोणी? सेव्ह करा काका, म्हणून ती हसली. वर सर्व्हर डाऊन! इंजिन बंद पडलं तर मी बॉनेट उघडतो. हा सर्व्हर राहतो कुठं, हे मिसलाही ठाऊक नाही.

शेवटी आला पासवर्ड. मिस म्हणाली, ही तुमच्या टपालपेटीची चावी. आता चावीची आपली रीत तुला ठाऊकच. मुळगावला जत्रेला निघालो की घराची चावी शेजारी सगुणकडे. ई-मेलही मी त्याच्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघायचो. पासवर्डही त्याच्याकडेच ठेवला. म्हटलं, असू दे, माझ्या ध्यानातून जाईल.

गेल्या आठवड्यात मी कामासाठी डिचोलीत अडकलो. आपण नसताना सगुण तुळशीला पाणी घालतो, तसाच त्यानं माझा इनबॉक्सही उघडून बघितला. तुझं टपाल आलेलं. माझी नजर अधू, म्हणून बापड्यानं मोठ्या अक्षरांत प्रिंट काढली आणि मला दिसावी म्हणून काउंटरवर ठेवली. दुकानात येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनाच ती दिसली. मला कळलं ते डिचोलीहून म्हापशामार्गे परत येताना, बसमध्ये. मागच्या सीटवर दोघी. एक म्हणाली, "शालू घोवाक सोडून येता खंय?" दुसरी म्हणते, "बापायची जाप येवंक ना अजून, देखून रावल्या." म्हणजे तू नवऱ्याला सोडून येणार, बापाचं उत्तर गेलं नाही म्हणून थांबलीयस, इथवर त्यांना ठाऊक, आणि तो बाप पुढच्याच सीटवर, तिकीट चुरगाळत बसलेला!

सगुणवर ओरडलो, तर तो रडवेला होऊन म्हणतो, "चावी तुवेंच दिलेली न्हय रे बाबाजी?" पासवर्ड बदलायला बसलो, तर नवा घेण्याआधी जुना मागतो, आणि बरोबर घातला तरी चूक म्हणतो. मिस म्हणते, कॅप्स लॉक लागलंय. ते कुणी लावलं, देव जाणे.

शालू, प्रिंट वाचली. नवऱ्याच्या हात उगारण्यावर तू एकच ओळ लिहिलीस, आणि मी आले तर लोक काय म्हणतील यावर अख्खं पान. लोकांचं म्हणून झालं, पोरी. बसमध्ये म्हणाले, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीपाशी म्हणाले, देवळाच्या मंडपात म्हणाले. माझे कान तुला ठाऊक आहेत, एक शब्द सुटला नाही. आता ते काजूच्या दरावर आलेत. ज्याला तू भीत होतीस ते होऊन गेलं आणि आम्ही जेवतोय, झोपतोय, दुकान उघडतोय. येत्या शनिवारी मी आणि आई पुण्याला येतोय, तुला न्यायला. बॅग भरता आली तर भर, नाहीतर आई भरेल. कुणाला काही सांगू नकोस, बोलायचं ते मी बोलेन. तू फक्त दार उघड.

तुझाच,
बाबा