वाल्टरच्या घरचे पेढे

सदाशिव पेठ, पुणे
१२ नोव्हेंबर २००१

चि. पूर्णिमा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन करते म्हणतेस, पण मला हल्ली फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुझी आई ऐकू देत नाही. तेव्हा पत्रच बरं.

वाल्टर आता थकला. आयात खुली झाली तेव्हा तुझ्या त्या जर्मनीतूनच तो आपल्या पागेत आला. रेसचा घोडा सोडून हे धूड कशाला आणलं, म्हणून पेठेतल्या लोकांनी मला वेड्यात काढलं होतं. आज देशात कुठेही अडथळ्यांवरून उड्या मारायची स्पर्धा असो, तिथे त्याची मुलंनातवंडं दिसतात. तीच मान, तोच मागच्या पायांचा जोर. त्याचे स्वतःचे पुढचे पाय मात्र कामातून गेले. डॉक्टर शहाबाज म्हणतात की त्याला फार दुखतं, इंजेक्शन देऊन मोकळं करू या. मी नको म्हटलं.

कारण तुला ठाऊक आहे. त्याचा एकही मुलगा पैदाशीसाठी उरला नाही. नेणाऱ्या प्रत्येकाला घोडा शांत हवा होता. शनिवार-रविवारी रपेटीला येणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यांना तर घोड्यालाही ब्रेक लागतो. म्हणून सगळे खच्ची करूनच दिले, वादळसुद्धा. यंदा वादळ राष्ट्रीय स्पर्धेत पहिला आला. त्याच्यापासून शिंगरू मिळेल का, असं लोक विचारतात आणि मी विषय बदलतो.

आता श्यामला घोडी वाल्टरपासून गाभण आहे, फेब्रुवारीत विईल. नर झाला की वाल्टरला मोकळं करीन. मादी झाली तर उन्हाळ्यापूर्वी त्याला पुन्हा एकदा घोडी दाखवायची. मीही दमलोय, पोरी, पण त्याचं घराणं बुडालेलं मला बघवणार नाही.

लोभ आहेच, तो पत्रांतूनही येत राहू दे.

तुझे बाबा

ता. क. आईचेही आशीर्वाद. हे रोज स्वारगेटहून बसने पागेवर जातात, परत आले की भिंतीकडे बघत बसतात. नरच होणार असं धरून कसब्यातल्या हलवायाला पेढे आत्ताच सांगून ठेवलेत. घोडीचं डोहाळजेवण तेवढं राहिलंय.


हॅनोवर
२ डिसेंबर २००१

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस पूर्णिमाचा शि. सा. न. वि. वि.

इथे दुपारी चारलाच अंधार पडतो. ऑफिसात माणसं कमी करताहेत, माझी खुर्ची अजून आहे. सकाळी ती जागेवर दिसली की हायसं वाटतं, आणि त्या वाटण्याचाच कंटाळा येतो.

रविवारी मुद्दाम एका खेड्यात गेले. तिथे एक आजीबाई वाल्टरच्याच जातीचे घोडे पाळतात. मी त्याचा फोटो दाखवला तर त्यांनी बाप कोण हे विचारलंच नाही, आई कोणती ते विचारलं. त्यांच्या पागेत प्रत्येक दारावर घोड्याच्या नावाखाली त्याच्या आईचं आणि आजीचं नाव रंगवलेलं आहे. त्या म्हणाल्या की नराचं नाव पेपरात येतं, पण घराणं घोड्यांच्या आयाच चालवतात.

बाबा, तुम्हीच नातवंडं असं लिहिलंत. मुलगे सगळे खच्ची केले, मग ही नातवंडं आली कुठून? त्याच्या मुलींचीच ना? त्या मोडक्या पायांवर त्याला पुन्हा उभं करू नका. तुमचं पत्र वाचून मला राग आला, आणि मग रडूही आलं. मी तुमची एकुलती एक मुलगी आहे.

माया कमी करू नका, रागावलात तरी.

तुमची पूर्णिमा


सदाशिव पेठ, पुणे
१८ फेब्रुवारी २००२

चि. पूर्णिमा हिस आईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

श्यामला काल पहाटे व्याली. मादी झाली. काळीभोर आहे, कपाळावर वाल्टरसारखाच पांढरा पट्टा. बघून माझा जीव हरखला. हे मात्र घरी आले आणि चहा न घेताच पडून राहिले. पेढ्यांचा पुडा तसाच कपाटावर आहे. मी उघडायला गेले तर म्हणाले, मादीला बर्फी, पेढे नव्हेत.

वाल्टरला पुन्हा घोडी दाखवायची म्हणून शहाबाजना निरोप धाडला. एरवी मान वर न करणाऱ्या त्या माणसाने यांना प्रथमच स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. आता हे दुसरा डॉक्टर शोधताहेत.

तुझ्या जन्माची गोष्ट तुला कधी सांगितली नसेन. सासूबाईंनी यांना बर्फी आणायला धाडलं होतं, हे पेढे घेऊन आले. गल्लीभर वाटले. मुलगा झाला का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, पेढा नीट खा, चौकशा नंतर. त्या माणसाला मी गेले चार महिने घरात शोधते आहे. माझं ऐकत नाहीत, तू लिहून बघ.

जपून राहा, आणि आठवण येईल तेव्हा पोटभर जेव.

तुझी आई


सदाशिव पेठ, पुणे
९ मार्च २००२

चि. पूर्णिमा हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं दोन ओळींचं पत्र आलं. माझ्या जन्माच्या वेळी पेढे वाटणारा माणूस कुठे गेला, एवढंच विचारलंस. दिवसभर ते खिशात घेऊन हिंडलो. दुसरा डॉक्टर यायचा होता, त्याला येऊ नका म्हणून कळवलं.

कपाटावरचे पेढे खराब झाले होते. ताजे घेतले. गल्लीत वाटले, बसमध्ये कंडक्टरला दिला, पागेत सगळ्यांना दिले. नर झाला का, असं ज्याने त्याने विचारलं. मी काय उत्तर दिलं ते तुझी आई सांगेल, तिला पाठ आहे.

मग शिंगराला वाल्टरपाशी नेलं. त्याने तिला बराच वेळ हुंगलं. ती त्याच्या वाकड्या पायांमधून पलीकडे गेली, तरी तो हलला नाही. पुड्यातला शेवटचा पेढा त्याने माझ्या तळहातावरून खाल्ला. त्यानंतर मी शहाबाजना हो म्हटलं. त्याची मान माझ्या मांडीवर होती. फार रडलो, लाज वाटली नाही.

पोर घरीच राहील, कुणाला द्यायची नाही. नाव तू ठेव. तिच्या दारावर नावाची पाटी मी स्वतः रंगवणार आहे, खाली श्यामलाचं नाव घालून.

म्हाताऱ्यावर लोभ होता तसाच राहू दे.

तुझे बाबा