काढलेले पाटे आणि रोशनबीचे गुडघे

भिंगार

प्रिय आसिफमियाँ यास,

शमशेरभाईचा सलाम. श्रीरामपुरात सगळे खुशाल असतील, तुझी खोकल्याची ढास कमी झाली असेल आणि ऊस कारखान्याला गेला असेल, अशी उमेद आहे. आम्ही ठीक आहोत. (माझं बीपी सोडून.) उर्दू तुला वाचता येत नाही आणि मला लिहिता येत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे सातवीच्या मराठीवर भागवतो. फोनच केला असता, पण मला फक्त स्पीकरवर ऐकू येतं, आणि ही गोष्ट तुझ्या आपाच्या, म्हणजे आमच्या रोशनबीच्या, कानावर जाता कामा नये. वाचून झालं की पत्र चुलीत टाक.

परवेझने घेऊन दिलेली नवी गाडी तू पाहिलीसच. पोराने चावी दिली तेव्हा सोबत वॉरंटीचं पुस्तक दिलं आणि म्हणाला, अब्बा, हे सांभाळा. त्या दिवसापासून माझी झोप गेली. सीटवरचं प्लास्टिक मी अजून काढलेलं नाही (उन्हात बसलं की माणूस चिकटतो आणि उतरताना अर्धा आतच राहतो). आरशाला तस्बीहची माळ लटकवली तर चालेल का, हेही शोरूमला विचारून घेतलं. हवा भरायलासुद्धा तिथेच जातो. तिथला वॉचमन आधी सलाम करायचा, आता मला पाहून तोंड फिरवतो.

अडचण एकच, गाडी उंच. तुझी आपा एक पाय पायरीवर ठेवायची, दांडा धरायची, ‘या अल्लाह’ म्हणायची आणि पुन्हा खाली. मग, ‘तुम्ही जाऊन या, मला घरात काम आहे.’ तुमच्याकडचा बाळाच्या जावळाचा अकीकासुद्धा तिचा असाच राहिला. गाडी तिच्यासाठी घेतलेली, आणि फिरतो कोण? मी एकटा, प्लास्टिकवर.

शेवटी आमच्या अमृत पाटेवाल्याकडे गेलो. चाकावरचे पोलादी पाटे वाढवून गाडी उचलायची, म्हणजे जादा माल भरता येतो, हा त्याचा धंदा. मी म्हणालो, माझे मागचे दोन्हीकडून एकेक काढ. तो म्हणाला, ‘चाचा, आजवर काढायला कुनी आलं न्हाई. तब्येत बरी हाय ना?’ पण मी पुस्तक नीट वाचूनच गेलो होतो. त्यात लिहिलंय, बाहेरचा पार्ट बसवू नये. मी कुठे बसवत होतो? मी काढत होतो.

गाडी मागून उंटासारखी खाली बसली. (दिवे आता रस्त्यापेक्षा झाडांच्या शेंड्यांवर जास्त पडतात आणि समोरचे ट्रकवाले माझ्या खानदानाची चौकशी करतात.) पण दुसऱ्या दिवशी तुझी आपा एका दमात चढली! तिला वाटलं, तुझ्या घरून आलेलं लसणाचं तेल लागू पडलं. तिने शेजारच्या लंकाबाईंनाही एक बाटली दिली. (त्यांचे गुडघे होते तसेच आहेत, वर अंगाला वास येतो.) आसिफ, किती दिवसांनी ही बाई खिडकीशी बसून हसली. तिला पाट्यांचं कोणत्या तोंडाने सांगू?

आणि आता गिअरबॉक्स रडायला लागला. शोरूमला नेली. तिथल्या सुपरवायझर रुपाली मॅडम, वयाने माझ्या नातीएवढ्या. ‘काका, गाडी मागून बसलीय का?’ मी म्हणालो, कंपनीतूनच अशी आली. त्यांनी गाडी वर उचलून बॅटरी मारली. अमृत मोठा हौशी, केलेल्या कामावर नाव घातल्याशिवाय राहत नाही. एक्सलवर पिवळ्या रंगात ‘अमृत पाटेवाले, भिंगार’, खाली मोबाईल नंबर आणि बाजूला मोर. मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘मग हे अमृत कंपनीतच कामाला असतील.’

मी खुर्चीत बसलो. पाणी दिलं त्यांनी. म्हणाल्या, ‘काका, पाटे काढणंही बदलच झाला. त्यांची वॉरंटी गेली ती गेली. पण गिअरबॉक्सचा त्यांच्याशी संबंध नाही, तसं मी लिहून पाठवते. कंपनीचा माणूस शुक्रवारी बघायला येतोय, तोवर मूळ पाटे बसवून आणा.’ म्हणजे दार अजून उघडं आहे.

भाचरांना दुआ, थोरांना सलाम. जवाब उलट टपाली यावा.

तुझा दूल्हाभाई,
शमशेर

ता. क. – ते मूळ पाटे तुझ्याकडे आहेत. ‘दूल्हाभाई, याचे कोयते फक्कड होतील’ म्हणून, कुठून आले हे न विचारताच, तूच पोत्यात घालून नेलेस. अजून लोहाराच्या भट्टीत गेले नसतील तर पत्र मिळताच पहिल्या एसटीने घेऊन ये. गेले असतील तर कोयते आण. मॅडमनी मूळ पाटे आणा म्हटलंय, आकाराचं काही बोलल्या नाहीत.

ता. क. २ – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तुझी आपा चहा घेऊन आली आणि म्हणाली, ‘पाटे मागवताय ना, मग अम्मीचा बुटका चौरंगही मागवा. त्यावर पाय ठेवून मी कुठल्याही गाडीत चढेन.’ तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणे, ‘दुखतात ते गुडघे, डोळे नव्हे. पण तुम्ही वाकून वाकून गाडीखाली बघायचात आणि इतके खूश दिसायचात, की म्हटलं, आपण तेलाचंच नाव पुढे करू.’ तेव्हा पत्र चुलीत टाकायची गरज नाही. चौरंग मात्र विसरू नकोस. गाडी उंच झाली की पहिली फेरी श्रीरामपूरचीच आहे.