पोशी कुणाकडे राहणार

२ फेब्रुवारी १९१४, जव्हार

हिरी लग्नाला हो म्हणाली! पण एका अटीवर — "पोशी आली तं मी आली. नाय तं इथंच बरी."

नवरा झाडाखाली सापडून गेला, त्याला दोन पावसाळे झाले. तेव्हापासून ती साखरशेतला दिराच्या आधारानं शेती करते. मी तिथल्या शाळेचा मास्तर, जव्हारहून चालत जातो. माझी बायको लग्नानंतर वर्षभरातच तापानं गेली. मूलबाळ नाही. पोशी तिची लेक, सात वर्षांची. एवढ्या पोरीशी काय बोलायचं असतं, तेसुद्धा मला ठाऊक नाही.

६ फेब्रुवारी

पोशीसाठी गूळ नेला. तिनं हातात घेतला, हुंगला आणि कोंबडीपुढे टाकला. हिरी हसली. मला नाही हसू आलं.

११ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर देवजी वाटेत उभा — हिरीचा दीर. "मास्तर, वहिनीला न्या, मी आड येत नाय. पण पोर आमची. रांडाव बाई पाटानं दुसऱ्या घरी गेली तं पोर बापाच्या घरी राहते. रीत हाय."

मग आवाज खाली आला. "रुपीला नि मला पोर नाय. भावाचं एवढंच उरलंय." रुपी म्हणजे त्याची बायको.

१२ फेब्रुवारी

कुणाला सांगणार? देवजीचं ऐकून मला बरं वाटलं. फक्त हिरी आणि मी — किती सोपं!

१५ फेब्रुवारी

हिरीनं ओळखलं. "देवजी भेटला ना? तुमचं तोंड हलकं दिसतं."

म्हटलं, तसं काही नाही.

"नाय कसं? पोरीचं ओझं उतरलं ना!" गवताचा भारा उचलून चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही.

२४ फेब्रुवारी

हिरी माझ्याशी बोलत नाही. शाळेवरून जाते ती पलीकडच्या बांधानं.

आज ओहळावर पोशी दिसली, छोटी हंडी बुडवत होती. स्वतःहून बोलली — पहिल्यांदाच! "आयेला नेशील?"

"हो."

"काका बोलतो, मी नाय यायची."

मी ओहळाच्या पाण्याकडे बघू लागलो. 

"मंग मी पाणी कुणासाठी भरू?"

उत्तराची वाटही पाहिली नाही तिनं. हंडी डोक्यावर घेतली आणि दरड चढून गेली. मी तिथंच उभा. लाज वाटली. घरी येईपर्यंत ती पोर डोळ्यांपुढून हलेना.

८ मार्च

पंच बसले. म्हाताऱ्या राघोनं सरळच विचारलं, "मास्तर, खरं बोला. बाई पायजे, का पोर पण?"

 अख्खं गाव माझ्या तोंडाकडे बघतंय! म्हटलं, "दोघी. पोर देणार नसाल तर पाट लावू नका."

हिरीनं मान वर केली.

देवजी ओरडला, "याला काय ठावं, पोर म्हंजे काय!"

खरंच होतं ते. म्हटलं, "नाही ठाऊक. शिकेन."

बरीच बाचाबाची झाली. शेवटी राघो म्हणाला, पोर आयेसंगं जाईल, नाव बापाचंच लावील. देवजी ताडकन उठून गेला. रुपी मात्र बसून राहिली, पोशीच्या केसांत बोटं घालून. मी जिंकलो होतो, पण तिच्याकडे बघवेना.

१५ मार्च

शिमगा झाला. पाट लागला. दोघी घरी आल्या.

१८ मार्च

पोशी जेवत नाही. पाणीच तेवढं पिते. हिरी चिडली, मारायला धावली, मग स्वतःच रडत बसली. मी गोष्ट सांगू लागलो. शाळेत सगळी पोरं कान देऊन ऐकतात. इथं एकटी पोर भिंतीकडे तोंड करून बसली.

२२ मार्च, रविवार

सकाळी पोशी घरात नव्हती!

हिरी शेजारपाजारी धावली. मी आधी विहिरीत वाकून पाहिलं.  मग साखरशेतची वाट धरली. रानातनं हाका मारत गेलो. एवढीशी पोर, एकटी!

देवजीच्या अंगणात सापडली. रुपी तिला नागलीची भाकर भरवत होती. आणि ती खात होती.

देवजी आडवा आला. "न्यायला आलात?"

हो म्हणणारच होतो. पोशीनं मला पाहिलं आणि तिचा घास तोंडातच राहिला.

"नाही," मी म्हटलं. "जेवू दे तिला."

देवजी बाजूला झाला.  तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं.

रिकाम्या हातानं परतलो. हिरी दारातच उभी होती. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं आणि आत जाऊन माझ्याकडे पाठ करून चुलीपाशी बसली. पाट मोडते की काय? मोडला तर काय करू?

२३ मार्च

उठलो तर चुलीत पाणी ओतलेलं. भांडी टोपलीत, माझी धोतरं गाठोड्यात. हिरी टोपली डोक्यावर घेऊन दारात.

"चला मास्तर. देवजीच्या अंगणाला लागून जागा हाय."

कुलूप मीच लावलं.